फॉर्मर बायको

सेर्वा: पुन्हा म्हण.

पोकुआ: फोमा.

सेर्वा: फोमा नाही गं आई. फॉर्मर. मध्ये र आहे, शेवटीही र आहे.

पोकुआ: आहेत तर असू देत. माझ्या तोंडात दात टिकले नाहीत, तिथे र कुठून टिकणार?

सेर्वा: बरं, राहू दे. अर्थ सांग.

पोकुआ: अर्थ... टाकलेली.

सेर्वा: टाकलेली नाही! आधी होती, आता नाही.

पोकुआ: म्हणजे मेलेली.

सेर्वा: मेलेली कशी? तू चांगली जिवंत बसलीयेस माझ्याशेजारी, नानांच्या आंब्याखाली. मेलेल्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, तो पोस्टरवर असारेच्या नावाआधी घातलाय त्यांनी. तुझ्या नावाआधी हा घालायचाय. फॉर्मर वाइफ. आधीची बायको.

पोकुआ: हळू बोल. आत ऐकू जाईल. मयताचं घर आहे.

सेर्वा: मयत इथे कुठेय? मयत कुमासीच्या शवागारात बर्फात आहे.

पोकुआ: मयत कुठे का असेना, घर तर त्याचंच ना.

सेर्वा: पाणी पी थोडं.

पोकुआ: प्यायले मघाशीच. तो पोस्टरचा फोटो दाखव परत.

सेर्वा: सकाळपासून कितीदा पाहिलास! हा बघ. वर असारे, कोट घातलेला.

पोकुआ: कोट त्याचा नाही. खांदे बघ कसे लोंबताहेत.

सेर्वा: दुसऱ्या कुणाच्या तरी कोटावर त्याचा चेहरा चिकटवलाय. छापखान्यात तसंच करतात. खाली त्याच्या मामांची नावं, पहिलं नानांचं. मग मुलं. मुलांपुढे काहीच नाही. आणि इथे, विडो. विधवा, मॅडम आकुआ पोकुआ.

पोकुआ: तीस वर्षं तोंड दाखवलं नाही मेल्यानं. कोकोच्या मळ्यात काम करतो म्हणून सीमेपलीकडे गेला तो गेलाच. आणि आता पेटीत घालून परत आणला, तर मला विधवा करून बसला.

सेर्वा: म्हणून तर आलोय ना आपण. छापखान्यातला माणूस म्हणाला, दुपारी वीज जायच्या आत मशीन सुरू करणार. नानांनी फोनवर एकदा हो म्हटलं की झालं. शब्द बदलायला काय लागतं?

पोकुआ: आणि नाही म्हटलं तर?

सेर्वा: नाही का म्हणतील?

पोकुआ: तू नानांना ओळखत नाहीस. नाही म्हटलं तर परवापासून पोस्टर लागेल. लॉरी थांब्यावर, चर्चच्या फाटकावर, मासळीबाजाराच्या भिंतीवर, माझ्या टोपलीच्या डोक्यावरच. एकदा भिंतीवर विधवा झाले की झाले. चाळीस दिवस या घराच्या मागच्या खोलीत बसायचं. वर्षभर काळं नेसायचं. आणि ते वर्ष सरेपर्यंत दुसऱ्या पुरुषाच्या छपराखाली पाऊल टाकायचं नाही. मग तुझ्या बाबांना भरवणार कोण?

सेर्वा: मी भरवीन.

पोकुआ: परवा भरवलंस ना? काय झालं?

सेर्वा: थुंकले.

पोकुआ: तुझ्या अंगावर थुंकले. डेडेमावशीच्या अंगावर थुंकले. त्या नर्सबाईच्या पांढऱ्या कपड्यावर थुंकले. अर्धं अंग गेलं, जीभ गेली, पण चमचा कुणाच्या हातात आहे ते बरोबर कळतं त्यांना. वर्षभर म्हणतेस? महिनाभर टिकायचे नाहीत ते. मी एकाची विधवा म्हणून इथे बसेन आणि तिकडे दुसऱ्याची विधवा होईन.

सेर्वा: आई, रडू नको. आता रडलीस तर आत वाटेल, सूनबाई रडायला बसली.

पोकुआ: नाही रडत. सांग परत. शाळेत पोरांना सांगतेस तसं सांग, उदाहरण देऊन. नानांसमोर माझी फजिती नको.

सेर्वा: बरं. आपल्या गावाचे आधीचे राजे आठवतात? लोकांनी आसनावरून उतरवलं ते?

पोकुआ: ते आता कोंबड्या पाळतात.

सेर्वा: हां, ते. ते झाले फॉर्मर राजे.

पोकुआ: पण लोक अजून वाकतात की त्यांना. मीसुद्धा वाकते. परवाच अंडी आणायला गेले तेव्हा पायातल्या चपला काढल्या आधी.

सेर्वा: वाकतेस ना? म्हणजे ते राजे होते हे कुणी पुसत नाही. आता नाहीत, एवढंच.

पोकुआ: अस्सं. आणि कालचा उरलेला फुफू? फोमा फुफू?

सेर्वा: तो शिळा!

पोकुआ: रागावतेस कशाला? विचारलं. मी उद्या मासे विकायचं सोडलं तर?

सेर्वा: तर तू फॉर्मर मासेवाली.

पोकुआ: मग तुझे बाबा... फोमा शिंपी?

सेर्वा: इंग्रजीत तसं म्हणता येईल.

पोकुआ: येत असलं तरी म्हणायचं नाही. पडल्या पडल्या मशीनकडे बघत असतात ते दिवसभर. जरा धूळ बसली की घशातून आवाज काढतात, मी पुसेपर्यंत. अख्ख्या गावाचे मयताचे कपडे शिवले त्या माणसानं.

सेर्वा: नाही म्हणणार, आई.

पोकुआ: आणि मी तुझी फोमा आई कधी होणार?

सेर्वा: आई फॉर्मर होत नसते.

पोकुआ: मी मेल्यावरही नाही?

सेर्वा: नाही. आई ती आईच. काही गोष्टींना हा शब्द लागतच नाही.

पोकुआ: बरं आहे बाई. आता मला एक सांग. माणूस मेल्यावर मागाहून लावता येतो का हा शब्द?

सेर्वा: म्हणजे?

पोकुआ: म्हणजे असारे जिवंत होता तेव्हा मी त्याची फोमा झाले होते का? की आता मला अडचण आली म्हणून व्हायचंय?

सेर्वा: अगं, तीस वर्षं वेगळी राहिलीस तू.

पोकुआ: वेगळं राहून होत असतं तर खाणीत गेलेल्या माणसांच्या सगळ्या बायका आज फोमा झाल्या असत्या. माझ्या पायावर पांढरी माती पडली का? चार माणसांसमोर नवऱ्यानं बायकोच्या पायावर माती टाकायची आणि म्हणायचं, सोडली. तेव्हा ती सुटते. माझ्यावर कुणी टाकली? कुणीच नाही. म्हणून तर माझ्या मामानं तुझ्या बाबांनी लग्नाच्या मागणीसाठी आणलेल्या दारूच्या बाटल्या घेतल्या नाहीत. दारात आणून ठेवल्या तशा परत न्याव्या लागल्या त्यांना. तू पोटात होतीस तेव्हा.

सेर्वा: हे मला कधी बोलली नाहीस.

पोकुआ: काय बोलायचं? तुझ्या बाबांनी दुसऱ्या दिवशी त्या बाटल्या दुकानदाराला परत दिल्या आणि तुझ्या झबल्याचं कापड आणलं. म्हणाले, माझं लग्न हेच.

सेर्वा: म्हणजे तुमचं लग्नच नाही? मग मी कोण?

पोकुआ: तू सेर्वा. बोआदू शिंप्याची पोरगी. नाव त्यांनी ठेवलं, आठव्या दिवशी, सगळ्या गल्लीसमोर. त्याच्यावर कुणाची माती लागत नाही. आणि आता तो विषय नको, माझं डोकं आधीच फिरलंय. शब्द विसरेन मी.

सेर्वा: पिशवी इकडे दे, मी धरते. यात काय कोंबलंयस? उशी?

पोकुआ: नानांचा बाक टणक असतो.

सेर्वा: मग बस ना तिच्यावर. मांडीवर घेऊन काय बसलीयेस?

पोकुआ: असू दे गं. दार वाजलं. पदर नीट कर. आणि तू मध्ये बोलू नको.

(नाना अदाय काठी टेकत बाहेर येतात आणि खुर्चीत बसतात. ते असारेचे मामा; इथे घराणं आईकडून चालतं, आणि या घराण्याचे ते प्रमुख.)

नाना: पाणी दिलं का तुम्हाला?

पोकुआ: दिलं, नाना. प्यायलो.

नाना: इथे काय आहे ते तुम्हाला दिसतंच आहे. घरातला माणूस गेलाय. आम्ही बसून आहोत. तुमचं येणं कशासाठी?

पोकुआ: नाना, आमचं येणं... चांगल्यासाठीच आहे. म्हणजे वाईट घेऊन नाही आलो.

नाना: बरं झालं आलीस, सूनबाई. मी निरोप धाडणारच होतो. मागची खोली झाडून घेतलीय. छप्पर गळत होतं, तेही नीट केलं. शनिवारी त्याला आणणार. तू शुक्रवारी संध्याकाळीच ये. मागाहून बाजारातून आल्यासारखी येऊ नको, लोक बघतात.

पोकुआ: नाना, मी त्याच्यासाठीच... मी...

सेर्वा: नाना, पोस्टरवर एक शब्द चुकलाय. आईला म्हणायचंय की—

नाना: ही कोण?

पोकुआ: माझी मुलगी. सेर्वा. शाळेत शिकवते.

नाना: पोरी, तुला पाणी दिलं. बोलायला कुणी दिलं नाही.

पोकुआ: चुकलं तिचं, नाना. मी बोलते. नाना, मला विधवा लिहू नका.

नाना: काय?

पोकुआ: पोस्टरवर. मला विधवा लिहू नका. मी शुक्रवारी नाही येऊ शकत. शनिवारी सगळ्यांबरोबर येईन, रडेन, मागच्या खोलीत नाही बसू शकत. माझ्या घरी आजारी माणूस आहे.

नाना: त्या शिंप्याबद्दल बोलतेस?

पोकुआ: हो.

नाना: त्याचं नाव मी या घरात आजवर काढलं नाही. हे लक्षात घे. आमची सून दुसऱ्याच्या चुलीपाशी बसली, दंड मागायचा आम्हाला हक्क होता. भाऊबंद म्हणत होते, मागा. मी म्हटलं, राहू द्या.

पोकुआ: तुमचे उपकार आहेत, नाना. पण मी त्याआधी तुमच्याकडे आले होते. आठवतं? याच झाडाखाली. असारेला जाऊन चार सुगी झाल्या होत्या. मी म्हटलं, ना निरोप ना माणूस, मला पांढरी माती द्या, सोडा मला. तुम्ही म्हणालात, पुढच्या कोकोपर्यंत थांब.

नाना: म्हणालो असेन.

पोकुआ: थांबले. कोको झाला. मग मामाला घेऊन आले. तुम्ही म्हणालात, लांब गेलेला माणूस उद्याच दारात उभा राहिला तर त्याला काय तोंड दाखवू?

नाना: मला वाटायचं येईल. रोज वाटायचं. लॉरी थांबली की मी मान वर करून बघायचो.

पोकुआ: मीही बघायचे, नाना. मग माझी मान दुखायला लागली.

नाना: अगं, पण आता काय? नवरा जिवंत असेपर्यंत सोडचिठ्ठी असते. मेलेल्या हाताला माती टाकता येत नाही. बैल गेला नि झोपा केला, असं आहे तुझं.

पोकुआ: झोपा मी आधीच मागत होते, नाना. बैल गोठ्यात नव्हता तेव्हापासून.

सेर्वा: आई, फोन. डेडेमावशीचा आहे.

पोकुआ: घे. लवकर घे.

सेर्वा: हॅलो? हो मावशी. काय? सकाळपासून? पेज अजून पातळ करून बघ. थुंकले? ओठच उघडत नाहीत? थांब जरा, थांब. आई, दारापर्यंत खुर्ची ढकलत नेलं त्यांना, तरी रस्त्याकडे बघत बसलेत. पाण्याचा थेंब घेत नाहीत. औषध तसंच पडलंय.

पोकुआ: कानाला लाव त्यांच्या, सांग तिला. लावला? ऐकताय ना? मी बोलतेय. तोंड उघडा बघू. डेडे काही विष नाही घालत तुम्हाला. थोडंसं. औषधापुरतं. मी येते. येते म्हटलं ना! या घरी कुणी ठेवून नाही घेणार मला. येते मी. डेडे? घेतलं का? नाही घेतलं?

सेर्वा: दे फोन. मावशी, आम्ही निघतोय. थोड्या वेळात. हो.

नाना: काहीच हलत नाही त्याचं?

पोकुआ: डावा हात हलतो. त्यानं माझा पदर धरतात.

नाना: वय काय आहे?

पोकुआ: असारेच्याच बरोबरीचे. एकाच वर्षी शाळेत होते दोघे.

नाना: हां. ठाऊक आहे मला. या अंगणात पेरू पाडायला यायचा तो.

पोकुआ: नाना, मी पाया पडते.

नाना: ऊठ, ऊठ. पाया पडून काय होणार? तुला तुझी अडचण दिसते. माझी नाही दिसत. ते पोस्टर बघितलंस तू?

पोकुआ: बघितलं.

नाना: काय आहे त्याच्यावर? मामा, मामा आणि मामा. सगळे काठी टेकणारे म्हातारे. मुलं नाहीत. बहीण माझी, त्याची आई, कधीच गेली. पोटच्या पोरासारखा वाढवला मी त्याला. परदेशात कुणाच्या तरी मळ्यात मेला, तर तिथल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून सीमेपर्यंत आणून सोडला. आता शनिवारी त्याला बर्फातून काढून या अंगणात मांडायचा, आणि उशाशी बसायला एक बाई नाही. लोक येतील, खातील, पितील आणि जाताना म्हणतील, हा कुणाचाच नव्हता हो. एक तुझं नाव आहे त्याच्याकडे. तेही काढू म्हणतेस.

पोकुआ: काढा कुठे म्हटलं मी?

नाना: मग काय म्हटलंस?

पोकुआ: नाव राहू द्या म्हटलं. नुसता शब्द बदला.

नाना: कुठला शब्द?

सेर्वा: फॉर्म—

नाना: तू नाही. ही सांगेल.

पोकुआ: फोमा.

नाना: हे काय आहे?

पोकुआ: इंग्रजी आहे. आपल्याकडे त्या राजांना म्हणतात ना, कोंबड्यावाल्या. फोमा राजे.

नाना: रेडिओवर म्हणतात ते? फोमा मंत्री?

पोकुआ: तेच! तेच नाना.

नाना: त्यांना तर चोरीबद्दल पकडतात.

पोकुआ: सगळ्यांना नाही पकडत. मी नीट सांगते, मला थोडा वेळ द्या. ही गाडीत बसल्यापासून मला शिकवतेय, पण तुमच्यासमोर सगळं पळालं डोक्यातून. हां. विधवा लिहिलंत तर ते खोटं होईल, नाना. इतकी वर्षं दुसऱ्याला जेवू घालणारी बाई असारेची विधवा कशी? बाजारातल्या बायका पोस्टरसमोर उभं राहून हसतील. मला हसतील, त्यालाही हसतील. पण माझं नाव काढून टाकलंत तर तेही खोटंच. होते ना मी त्याची. या अंगणात फुफू कांडलाय मी त्याच्यासाठी. त्याला ताप आला तेव्हा रात्रभर पाय चेपलेत. तो लॉरीत बसला तेव्हा त्याची ट्रंक मी उचलून दिली. ते झालंच नाही असं कसं म्हणू? हा शब्द तेवढं ठेवतो. होती, ते खरं. आता नाही, तेही खरं. आपण राजांना वाकतो की नाही अजून?

नाना: वाकतो.

पोकुआ: तसंच.

नाना: म्हणजे तुझं नाव त्याच्या नावाखाली राहील?

पोकुआ: राहील. तिथेच.

नाना: आणि बायको असंच लिहिलेलं राहील?

पोकुआ: बायको आहेच त्यात. तिच्याआधी हा शब्द, एवढंच. हो की नाही गं?

सेर्वा: हो. वाइफ तसंच राहतं, नाना. पुसलं जात नाही.

नाना: वाचणारा काय म्हणेल?

पोकुआ: म्हणेल, याला बायको होती.

नाना: होती.

पोकुआ: होती, नाना.

नाना: चांगली होती. भांडकुदळ होती, पण चांगली होती. तुझ्या मागे माझं जेवणसुद्धा अळणी झालं.

सेर्वा: नाना, छापखान्याचा फोन आलाय. काय सांगू? मशीन सुरू करतोय म्हणतो.

नाना: थांब म्हणावं त्याला. सूनबाई, शब्द कळला मला. पण एक आहे. माती पडलेली नाही. माती पडली नाही आणि आपण छापलं, तर हाही शब्द खोटाच की. इंग्रजी असला म्हणून काय झालं? मयताच्या कागदावर खोटं नको मला. त्याच्या बापाकडचे लोक विचारतील, कधी सोडली? कुणी सोडली? मी काय सांगू?

पोकुआ: नाना, लग्नाच्या बाटल्या आमच्या घरी कुणी आणल्या?

नाना: मी.

पोकुआ: असारे कुठे होता तेव्हा?

नाना: बाहेर. नवरदेव कशाला येतोय बोलणीला? बाहेर झाडाखाली घाम पुसत उभा होता.

पोकुआ: माझ्या बापानं कुणाला विचारलं, मुलीला सांभाळाल का?

नाना: मला विचारलं.

पोकुआ: मग मला मागितलं तुमच्या हातानं. दिलं तुमच्या हातात. सोडायला त्याचाच हात कशाला लागतो?

सेर्वा: नाना, तो म्हणतो वीज कधीही जाईल. लवकर सांगा.

पोकुआ: तू गप्प बस गं! नाना, घाई नाही. म्हणजे घाई आहे. पण तुम्ही विचार करा.

नाना: तेव्हाच हे बोलली असतीस तर?

पोकुआ: तुमच्यासमोर असं बोलायची छाती होती का माझी? तेव्हा मला एकटीलाच सुटायचं होतं. आज घरी ते तोंड मिटून बसलेत.

नाना: पोरी, तुला पळता येतं का?

सेर्वा: कुठे, नाना?

नाना: आत जा. डावीकडच्या फळीवर पांढऱ्या मातीचा गोळा आहे, नातीच्या बारशाचा उरलेला. आण. वाटेत बायका विचारतील काय नेतेस, काही सांगू नको.

सेर्वा: आणि छापखाना?

नाना: त्याला आधी सांग. तो शब्द घाल म्हणावं. विधवा काढ. आणि नावाचं स्पेलिंग नीट बघ, मागच्या वेळी माझ्या भावाला बाई करून ठेवलं होतं.

सेर्वा: सांगितलं. पाठवला मेसेज. आणते मी.

नाना: साक्षीला माणूस हवा. आतल्या कुणाला बोलावलं तर संध्याकाळपर्यंत वाद घालतील. ही पोर चालेल?

पोकुआ: ही तुमच्या घरची कुणी नाही.

नाना: म्हणून तर चालेल. आता नीट ऐक. माती पडली की परत उचलता येत नाही. शनिवारी तू अंगणात बसायचंस, इतर लोकांच्या खुर्च्यांत. त्याच्या उशाशी नाही. आंघोळ घालतील तेव्हा आत यायचं नाही. बायकोनं पेटीत ठेवायला द्यायचं असतं ते, साबण, पंचा, कापड, काहीही आम्ही तुझ्या हातून घेणार नाही. लोक हात मिळवायला रांगेनं येतील, त्या रांगेत तू नसशील. कळतंय ना?

पोकुआ: कळतंय.

नाना: शब्द तूच आणलास.

पोकुआ: मीच आणला, नाना.

सेर्वा: ही घ्या माती. कुणी विचारलं नाही.

नाना: चपला काढ. पाय पुढे कर. दोन्ही. हलू नको, सांडेल. अदाय म्हणतो, असारेच्या जागी उभा राहून म्हणतो. या बाईला आम्ही मागून आणलं होतं. हिनं आमचं पाणी भरलं, आमची चूल पेटवली. तिची वाट आम्ही अडवून ठेवली, ते बरं झालं नाही. आज आम्ही तिला सोडली. ती ज्याला भरवेल त्याच्या घशाखाली उतरो. पोरी, पाहिलंस?

सेर्वा: पाहिलं, नाना.

नाना: ऐकलंस?

सेर्वा: ऐकलं.

नाना: झालं. आता घरी जा, पोकुआ.

पोकुआ: तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

नाना: आता सूनबाई कसं म्हणू?

सेर्वा: चल आई, थांब्यावर गाडी उभी आहे, मघाशी दिसली मला. डेडेमावशीला कळवते निघालो म्हणून. आई? काय झालं? रडतेस कशाला? मनासारखं झालं ना सगळं?

पोकुआ: झालं. अगदी मनासारखं झालं. तू हो पुढे, गाडी थांबव. आलेच मी. नाना, ही पिशवी.

नाना: काय आहे त्यात?

पोकुआ: उशी आहे. पेटीत ठेवायला.

नाना: आताच सांगितलं ना तुला? बायकोचं म्हणून आम्ही काही—

पोकुआ: बायकोची म्हणून नका घेऊ. आलेल्या कुणाची तरी बाकावर राहून गेली म्हणा.

नाना: इतकी पातळ? यात कापूस तरी आहे का?

पोकुआ: पातळच लागते. जाड उशी दिली की मान धरते त्याची.